रिकाम्या पिस्तुलाचं वजन

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, माणसांशी कमी आणि पिस्तुलांशी जास्त बोलायचे. पहारेकरी पुरवणाऱ्या एका कंपनीत ते हत्यारं दुरुस्त करणारे मिस्त्री आणि त्याच कंपनीच्या फाटकावर मी. मला तिथे चिकटवलं त्यांनीच, त्यामुळे डबा खाताना त्यांचं व्याख्यान निमूट ऐकणं मला भाग होतं.

व्याख्यान ठरलेलं. जुनं पिस्तूल म्हणजे सगळं पोलाद. थंडीत हातात घेतलं की आधी चावतं, मग हळूहळू हाताइतकं ऊबदार होतं. वरचा भाग मागे ओढून सोडला की एकच भरीव आवाज, कुठे खुळखुळ नाही. वजन असल्यामुळे गोळी सुटताना हात उडत नाही. काही सैल झालं तर दाजी कानस घेऊन बसायचे आणि संध्याकाळपर्यंत ते जागेवर आणायचे. "हे दुरुस्त होतं," ते म्हणायचे, "नवं नुसतं बदलतात."

नवं म्हणजे प्लॅस्टिकच्या मुठीचं. कंपनीने ते आणलं तेव्हा दाजींनी चिमटीत धरून विचारलं, "याच्यात पाणी भरून उडवायचं का?" आम्ही पोट धरून हसलो. त्यांची मुलगी मात्र हसली नाही.

माझी ही भाची आईच्या नाकावर टिच्चून इथे पहारेकरी झाली होती. त्या गणवेशापायी तिने घरात महिनोन्महिने अबोला सोसला होता. ती नोकरी तिचा जीव होती आणि दाजींचा जीव तिच्यात. ऐन वेळी हे खेळणं तिला दगा देईल, अशी धास्ती त्यांनी घेतली होती.

"माझं ऐक, जुनं घे," ते रोज म्हणायचे.

"बाबा, तुमची ती धोंड दिवसभर तुम्ही कमरेला बांधून फिरा. मग बोलू."

खरं सांगायचं तर पोरीचं चूक नव्हतं. नवं गंजत नव्हतं, गोळ्याही जास्त मावत होत्या. पण दाजींना कोण सांगणार!

दाजींची एक खोड होती. पिस्तूल हातात आलं की ते जरासं तोलायचे आणि भरलेलं की रिकामं ते सांगायचे. मग नियम म्हणून उघडून दाखवायचे. कधी चुकले नाहीत. त्यामुळे पुढे पुढे ते उघडणंही राहून जायला लागलं आणि त्यांना टोकायची कुणाची छाती नव्हती.

त्या दिवशी भाची पहाऱ्याची पाळी संपवून दाजींच्या दुरुस्तीच्या खोलीत आली. तिच्या पिस्तुलाचा वरचा भाग अडकत होता. नळी बाहेर रोखून ते रिकामं करायला ती खिडकीकडे वळली, तोच दाजींनी ते तिच्या हातातून घेतलं. तोललं. हलकं लागलं. लागणारच! ते नवं पिस्तूल गच्च भरलेलं असलं तरी जुन्या रिकाम्यापेक्षा हलकं. जुन्याचा घोडा ताणलेला आहे का ते बाहेरून दिसायचं, याचा घोडा आत. शिवाय दुरुस्तीसाठी याचे भाग सुटे करायला आधी चाप ओढावा लागतो, हे त्यांनी नाक मुरडत का होईना, शिकून घेतलं होतं.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. त्यांनी चाप ओढला.

आवाज ऐकून मी फाटकावरून धावत गेलो. गोळी तिच्या गुडघ्यातून गेली होती आणि दाजी हातातल्या पिस्तुलाकडे बघत नुसते उभे होते.

दवाखान्यात कंपनीचे साहेब चौकशीला आले. मी शेजारीच होतो. भाची म्हणाली, "मीच साफ करत होते. उघडून बघितलं नाही." साहेब गेल्यावर मी तोंड उघडणार, तोच तिने माझा हात धरला. "मामा, हा पाय आता पहाऱ्यावर उभा राहणार नाही. माझी नोकरी गेलीच. बाबांची घालवून माझी परत येणार आहे का?"

मला संताप आला, तिचाही आणि त्यांचाही. पण मी गप्प बसलो.

दाजी गप्प बसले नाहीत. साहेबांसमोर जाऊन त्यांनी सांगितलं, "चाप मी ओढला." साहेबांनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री, बापाचं काळीज मला कळतं. पण तुमच्या हातून असं होईल, हे कोणाला पटेल?" दाजींनी पुन्हा पुन्हा सांगितलं, तेव्हा साहेबांनी त्यांना पाणी पाजून घरी धाडलं.

भाची आता घरात काठीने चालते. तिच्या कागदांवर निष्काळजीपणाचा शेरा आहे. जुनी पिस्तुलं भट्टीत वितळवायला गेली, त्या दिवशी दाजी बघायलाही बाहेर आले नाहीत.

साहेबांनी त्यांना नवीन भरतीला शिकवायचं काम दिलंय. नुसता नियम सांगू नका, घडलेलं उदाहरण द्या, असा हुकूम आहे. दाजींनी नकार दिला होता, पण भाचीनेच त्यांना शपथ घातली. आता प्रत्येक तुकडीपुढे दाजी पिस्तूल उघडतात, नळीत डोळा घालून बघतात, पुन्हा बघतात आणि म्हणतात, "माझ्या मुलीने एवढंच केलं नाही."