एकोणतीस ठोके

आधी एक गोष्ट साफ सांगते... तुमच्या या अद्भुत अनुभवांच्या सदरात मी कधी पत्र लिहीन असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. भुतंखेतं, अंगात येणं, उतारे — यातल्या कशावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या आळीत एका बाईच्या अंगात यायचं, तेव्हा मी समोर बसून शेंगा खात असे. तर ज्यांना घाबरायची हौस आहे त्यांनी सरळ पान उलटावं. माझ्या या गोष्टीत घाबरण्यासारखं काही नाही. मला तिचा अभिमान आहे, आणि सत्याऐंशी वर्षांच्या बाईनं तो लपवावा कशाला?

मी मूळची सौंसरची. गावाबाहेर आमचा संत्र्यांचा बगीचा, त्यात पायऱ्यांची मोठी दगडी विहीर. बाबा शेतकरी, पण आजूबाजूच्या गावांत त्यांची ओळख बुडी मारणारा माणूस म्हणून. कोणाची घागर पडली, मोटेचा दोर तळाला अडकला, पाणी भरताना कोणाची अंगठी गेली, की बाबांना बोलावणं यायचं. मला भाऊ नाही, म्हणून त्यांनी ते मलाच शिकवलं. सहाव्या वर्षी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत ढकललं, आणि चौदाव्या वर्षी मी तळाची माती मुठीत घेऊन वर येत होते. आता हे ऐकायला बरं वाटतं. तेव्हा लोक म्हणत, "पोट्टीले कायले बेंडकी करून राहिला गा?" बाबा म्हणत, "बेंडकी त बेंडकी. बुडत त नाई!"

बाबांची एक रीत होती, ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कोणीही पाण्यात उतरलं, की काठावर एक माणूस बसलाच पाहिजे. त्यानं हातात दगड घ्यायचा आणि पाण्याच्या जरा खाली विहिरीच्या भिंतीवर एका लयीत ठोकत राहायचं. दगडावर दगडाचा आवाज पाण्याखाली फार स्वच्छ ऐकू येतो. खाली अंधारात माणसाला वेळ कळत नाही हो... दहा ठोके होत नाहीत तोच वाटतं, मेलो, दम संपला. खरं तर बराच शिल्लक असतो. ठोके मोजत राहिलं की जीव ठिकाणावर राहतो. वीसला परत फिरायचं आणि तीसच्या आत तोंड वर. बाबांच्या ठोकण्याची एक खूण होती — दर दहावा ठोका दुहेरी. टक-टक. म्हणजे मधे मोजणी चुकली तरी पुन्हा सापडते. ठोकणारा नसेल तर पाण्यात पाय घालायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा होता.

छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यं बदलली. कालपर्यंत नागपूर आमची राजधानी, आणि एका सकाळी नागपूर गेलं मुंबई राज्यात, आम्ही राहिलो मध्य प्रदेशात! माय घाबरून म्हणाली, "मंग आता आपल्याले कुठं जा लागते?" बाबा म्हणाले, "कुठीच नाई. भाकरी टाक."

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा पांढुर्ण्याचा, शाळेत गणित शिकवणारा. घरी कापसाचा व्यापार, माणसं शिकलेली. बैठकीत सासूबाईंनी — मी त्यांना आत्याबाई म्हणायची — एकच अट घातली. "पोरगी सावळी हाय, चालंल. हुंडा नाई, चालंल. पण लग्नानंतर पाण्यात उडी नाई. चार लोकांसमोर ओल्या लुगड्यानं निघालेली सून मले नाई पायजे." बाबांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "देला शब्द." मी दाराआडून ऐकत होते. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. बाबांनी उभ्या आयुष्यात शब्द मोडला नव्हता, म्हणजे माझं पाणी संपलंच होतं.

आता आमचे हे. अंगानं काडी, पण हट्ट बैलाचा. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी एक दिवस त्यांनी माझ्यासमोर वही उघडली. पट्टीनं आखलेल्या रेघा, शेजारी रेल्वेचं टाइमटेबल, आणि वर ठळक अक्षरात लिहिलेलं — 'हनिमून'.

"हे काय असते?" मी विचारलं.

ते कानापर्यंत लाल झाले. "लग्न झाल्यावर साहेब लोक फिरायला जातात ना, ते. आणि हे पाह, नागपूर तर गेलं आपलं. आता जे राज्य आपल्या वाट्याला आलं, ते डोळ्यानं पाहू तर खरं!"

काय प्लॅन होता म्हणून सांगू! पहिल्यांदा जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन, कारण त्याशिवाय आत्याबाई घराबाहेर पाऊल टाकू देणार नव्हत्या. तिथून सौंसरला दोन दिवस माझ्या माहेरी. मग पांढुर्ण्याहून गाडी, इटारसीला बदलायची, पिपरियाला उतरून मोटारनं पचमढी. पुढे जबलपूर, भेडाघाट. परतताना भोपाळ आणि तिथला मोठा तलाव. प्रत्येक मुक्कामापुढे तीन रकाने. एकात 'चालणे', दुसऱ्यात 'डोंगर चढणे', आणि तिसरा कोरा.

"हा तुझा," ते म्हणाले. "पाणी जिथं चांगलं दिसेल तिथं बुडी मार. शब्द तुझ्या बाबांनी दिला, मी कुठं दिला?"

लग्नाला सहा महिने झाले होते, पण मी या माणसाच्या प्रेमात पडले ती त्या दिवशी. लिहिते बिनधास्त, आता कोणाला भ्यायचं! पण घरात कोणी वही पाहिली तर? म्हणून यांनी तिसऱ्या रकान्यात सगळीकडे 'स्नान' असं लिहून टाकलं. आणि आत्याबाईंनी ती वाचलीच. "चार जागी स्नान! भल्ली देवभोळी सून भेटली, बाप्पा!" असं म्हणून त्यांनी नर्मदामाईची ओटी भरायला खण-नारळ बांधून दिले. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता उभे होतो.

सौंसरला पोचल्यावर यांनी बाबांना सांगितलं, मला ठोके शिकवा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "म्या काई इचारत नाई. मास्तरले दगड ठोकाचा शौक आला, म्या शिकवून राहिलो. बस." दोन दिवस विहिरीवर शिकवणी चालली. गणिताच्या मास्तरला लय सापडेना! दहावा दुहेरी ठोका तर त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. बाबा डोक्याला हात लावून म्हणाले, "मास्तर, शाळेची घंटी वाजवून राहिले का?"

पचमढीतला दुसरा दिवस. सकाळचे अकरा वाजत आले असतील. एका धबधब्याखाली हिरवा-काळा डोह होता, आणि आसपास आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. मी काष्टा घट्ट मारत होते. हे काठाच्या खडकावर बसले, अगदी बाबांनी शिकवलं तसे — पाय सोडून, पुढे वाकून, दगडाचा हात पाण्याखाली घालून. विहिरीचा दगड खडबडीत असतो, त्यावर हे चालतं. धबधब्याखालचा खडक शेवाळानं तुपासारखा झालेला, हे ना त्यांच्या ध्यानात आलं ना माझ्या. इतकी वर्षं पाण्यात काढलेली मी! आजही तो राग स्वतःवरच येतो.

आवाजसुद्धा झाला नाही. मी वळून पाहिलं तर खडक रिकामा.

यांना पोहता येत नव्हतं. मी तशीच उडी घेतली. पाणी इतकं गार की छाती आवळली, आणि दोन हात खाली गेल्यावर नुसता काळोख. मी चाचपडले... दगड, फांदी, पुन्हा दगड. माझा जीव घाबरा झाला, दम संपल्यासारखा वाटला आणि मी रिकाम्या हातानं वर आले. ठोकणारा नव्हता ना. जो ठोकणार होता तोच खाली होता.

वर येऊन छातीभर श्वास घेतला आणि पुन्हा गेले. या वेळीही तसंच होणार, हे मला कळत होतं. मी पुन्हा घाबरणार, पुन्हा लवकर वर येणार, आणि तिसऱ्यांदा जायची गरजच उरणार नाही.

आणि तेव्हा ऐकू आलं.

टक्... टक्... टक्...

दगडावर दगड. स्वच्छ, एका लयीत. कोण ठोकतंय हा विचार मनात आलाच नाही. लहानपणापासूनची सवय, मी मोजायला लागले. सात, आठ, नऊ... आणि दहावा दुहेरी. टक-टक. अकराव्याला छाती जळायला लागली, पण अकराच झाले होते ना! विसावा अजून दूर होता. मग मी कशाला फिरते? आणखी खाली गेले. सतराव्याला बोटांना कापड लागलं. सदरा. मुठीत धरला. विसावा दुहेरी वाजला, तेव्हा मी तळाला पाय मारून वर सुटले होते. एकोणतिसाव्या ठोक्याला माझं तोंड उन्हात आलं.

त्यांना खडकावर पालथं घातलं, पाठ दाबली, पुन्हा दाबली. बरंच पाणी आलं. खोकले, डोळे उघडले, आणि हा मास्तर पहिलं वाक्य काय बोलतो — "किती झाले?"

"एकोणतीस!" मी ओरडले. आणि मग त्यांच्या छातीवर डोकं ठेवून इतकी रडले की ते बिचारे मलाच थोपटायला लागले.

रडणं थांबल्यावर डोक्यात आलं... ठोकलं कोणी? उठून चहूकडे पाहिलं. हाका मारल्या. माणूस नाही, गुरं नाहीत, काही नाही. धबधब्याचा आवाज मात्र इतका, की काठावर कोणी ठोकलं असतं तरी मला खाली ऐकू आलं नसतं.

प्लॅन मात्र आम्ही सोडला नाही. हे दोन दिवस अंथरुणात होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, चल जबलपूर. भेडाघाटला मी नर्मदामाईची ओटी भरली, हे काठापासून वीस हात लांब एका झाडाला धरून उभे. भोपाळचा तलावही पाहिला. आपलं राज्य पाहून झालं.

पांढुर्ण्याला घरी पोचलो तर ओसरीत बाबा बसलेले. लेकीच्या सासरी बोलावल्याशिवाय पाणीही न पिणारा माणूस! आत्याबाई आपल्या व्याह्यांकडे हात करून म्हणाल्या, "चार दिस झाले, रोज सौंसरहून येऊन राहिले इवाई. आले का, इतकंच इचारतात आन् जातात."

बाबांनी आम्हां दोघांना डोळे भरून पाहिलं. मग विचारलं, "पाण्यात कोण पडलं होतं?"

मी एकदम म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोनं नाई. मागच्या बुधवारी संत्रं तोडून राहिलो होतो. अकराच्या टाइमले हात काई चालेना. उठलो, विहिरीवर गेलो, दगड घेतला आन् ठोकाले लागलो. तुही माय वरतून ओरडे, याड लागलं का म्हणून. मले थांबताच ये ना."

"किती ठोकले, बाबा?"

"एकोणतीस. तिसाव्याले हात उठलाच नाई."

यांनी वही उघडून दिवस लावून पाहिला. तोच दिवस. तीच वेळ.

मग मी सगळं सांगितलं, आत्याबाईंच्या समोर. स्नान म्हणजे काय होतं तेसुद्धा. बाबा उठले, आत्याबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. आमच्या बगीच्यात ज्या माणसापुढे लोक हात जोडत, तो माणूस. म्हणाले, "इहीणबाई, शब्द म्या मोडला. मास्तरले ठोकणं म्याच शिकवलं. पोरीले बोल लावू नका."

आत्याबाई उठून यांच्याजवळ गेल्या. त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं, केसांतून हात फिरवला, कानामागे, मानेवर, लहान लेकराला पडल्यावर तपासतात तसं. मग पदरानं डोळे पुसून बाबांकडे वळल्या.

"तुमचा शब्द म्या परत केला, इवाई." आणि आत पाहून त्यांनी माझ्या नणंदेला हाक मारली, तेव्हा ती बारा वर्षांची होती. "इले घेऊन जा सौंसरले. इले बी शिकवा."

बाबांना मी रडताना पहिल्यांदा पाहिलं. नणंद शिकली. तिच्यामागे पांढुर्ण्याच्या आणखी मुली आल्या, आणि लोक जे बोलायचे ते बोलणं बंद झालं.

हे जाईपर्यंत आपल्या परीनं उत्तर शोधत राहिले. म्हणायचे, पाण्याखाली तुझ्याच काळजाचे ठोके ऐकले असशील. मी विचारायची, माझं काळीज दर दहाव्याला दोनदा वाजते का? मग ते वही काढून पुन्हा गणित मांडायला बसायचे. बाबांना विचारलं तर चिडायचे, "मले काय माईत? हात चालला, चालू देला." मलाही माहीत नाही, मी उगाच शहाणपण करणार नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर जरूर लिहा. फक्त देवाचा चमत्कार, पितरांची कृपा असलं काही लिहू नका. ठोके माझ्या बाबांचे होते.