शकीलभाईंच्या न दिसलेल्या भेटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर बंद पडलेली स्कूटर रावेतपासून घरापर्यंत ढकलत आणली आणि ती आमची नव्हतीच, हेही सांगितलंय. माझ्या फजित्या मी चवीने सांगतो. ही एकच गिळून बसलोय.

चाकणला आमची कंपनी कॉम्प्रेसर विकते. विकणारे दुसरे, मी आपला कॉम्प्युटरवर ग्राहकांची माहिती सांभाळणारा. प्रत्येक कारखान्याची नोंद, तिथल्या माणसांची नोंद, आणि विक्रीवाल्यांनी दिलेल्या भेटी यातल्या कशाला तरी जोडायच्या. शकीलभाई आमचे सगळ्यात जुने विक्रीवाले. त्यांना कारखान्याआधी तिथला माणूस आठवायचा. भेटीची नोंद कुठे टाकू, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मीच म्हणालो, "माणसाच्या नावाखाली टाका, भाई. काय फरक पडतो?"

फरक पडतो. मला ठाऊक असायला हवं होतं ना? पगार त्याचाच घेतो.

मग साहेबांनी रिपोर्ट मागितला — वर्षभर भेटच न दिलेले कारखाने. मी नवा फिल्टर शिकलो होतो: ज्या कारखान्याला भेट जोडलेली नाही, तेवढेच दाखव. साहेबांनी पाठ थोपटली, मी फुगलो, मीटिंगमध्ये यादी पडद्यावर लावली. जवळजवळ सगळे कारखाने शकीलभाईंचे.

"वर्षभर होतात कुठे, भाई?" साहेब म्हणाले.

"दापोडीत चहा पीत असतील," मागून कुणीतरी.

शकीलभाईही हसले. मग माझ्याकडे वळले. "सांग ना राव, रोज टाकतो ना मी?"

तिथेच मला कळलं. माणसांना जोडलेल्या भेटी माझा फिल्टर बघतच नव्हता. भेटी होत्या — मी सांगितलं तिथेच होत्या. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण मग ती थोपटलेली पाठ?

"सिस्टीममध्ये दिसत नाहीत, भाई," मी म्हणालो.

खोटं होतं का हे? अक्षरशः खरं. म्हणून तर जास्त वाईट.

साहेबांनी त्यांचा भाग दुसऱ्याला दिला, त्यांना गोडाऊनमध्ये बसवलं. आयुष्यभर लोकांत फिरलेला माणूस खोक्यांमध्ये किती टिकणार? त्यांनी राजीनामा दिला. मी मधल्या काळात फिल्टर गुपचूप दुरुस्त केला होता. त्यांच्या सगळ्या भेटी ओळीने वर आल्या. मी एकट्याने पाहिल्या — आणि स्क्रीनवरची खिडकी बंद केली.

परवा कासारवाडी स्टेशनबाहेर भेटले. आता एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असतात. मला ओढून दुकानात नेलं, चहा मागवला, मालकाला म्हणाले, "आमच्या कंपनीतला सरळ पोरगा." मग हळू आवाजात — "माझंच काहीतरी चुकत असेल रे तेव्हा. मला ते कॉम्प्युटरचं कधी जमलंच नाही. होय ना?"

मी मान डोलावली. होय म्हणून.