मागचे दोन बोल्ट

"बाईंना म्हणावं, कागूद उरका. आजून एक गाव ऱ्हायलंय," मेकॅनिककाका शिडीवरून ड्रायव्हरला म्हणाले. माझ्याशी ते थेट बोलत नसत. ग्रीसचा वास आला की अक्कलकोटपलीकडच्या गावातली ती दुपार आठवते. शाळेपुढे उपग्रहावरून टीव्ही दाखवणारी जाळीची प्रचंड छत्री होती. काका प्रत्येक बोल्टवर पाना वाजवून तो घट्ट आहे का, हे आवाजावरून ओळखत. तपासणीची यादी इंग्रजीत, म्हणून ती भरायला सोलापूरहून मला पाठवलेलं. सकाळपासूनचं हे तिसरं गाव होतं. काकांना सारखं विचारावं लागू नये म्हणून मी यादीतल्या सगळ्या खुणा आधीच करून टाकल्या होत्या. काका घाम पुसत उतरले. "मागचं बोल्ट वाजवलं का वो मी?" त्यांनी पहिल्यांदाच मला विचारलं. मागून पान्याचा आवाज मी ऐकला नव्हता, तरी नुसता कागद पुढे केला. खुणा पाहून ते म्हणाले, "मग झालं की." शिडी जीपवर चढली. संध्याकाळच्या कार्यक्रमाची जागा धरायला एक म्हातारी छत्रीखालीच घोंगडी अंथरून आडवी झाली होती. आज हसू येतं, पण दोन वाक्यं जुळवायला मला जीप सुरू होईपर्यंत वेळ लागला. "काका, मागचे दोन बोल्ट राहिलेत. खुणा मी आधीच केल्या होत्या."