गोबऱ्याच्या खडकाची दुसरी खूण

मी कुवेतला निघालो त्या सकाळी बाबा एसटी स्टँडवर आले ते हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. मला वाटलं, वाटेत खायला काहीतरी असेल. खरं तर आईने सुके बोंबील, कुळथाचं पीठ, आमसुलं असं इतकं कोंबलं होतं की बॅगेची चेन तुटून ती सुतळीने बांधावी लागली होती. पिशवीतून निघाली बाबांची गरी. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली जाड दोरी, टोकाला गळ आणि अंड्याएवढं शिसं.

"तिकडं पण दर्याच हाय," ते म्हणाले. "हात विसरू देव नको."

मी विचारलं, "आणि दुसरी खूण?"

"ती होडीत. परत आलास की."

गाडी सुटली. बाबांनी हात हलवला नाही, नुसते उभे राहिले. मी तेवीस वर्षांचा होतो आणि दोन वर्षांत परत यायचं असं ठरवून निघालो होतो. माझ्यासारखे जे निघाले, त्यांनी हसू नये. तुम्हीही दोनच वर्षांसाठी निघाला होतात.

खुणेचं सांगायला हवं. आमच्या गावासमोरच्या समुद्रात, बऱ्याच आत, पाण्याखाली एक खडक आहे. गोबरा तिथे राहतो. काळपट, ठिपक्याठिपक्यांचा, थोराड तोंडाचा मासा, बिळात बसून राहणारा. तो खडक वरून दिसत नाही. तो सापडतो किनाऱ्याकडे बघून. पुढची एक वस्तू आणि तिच्या मागची एक वस्तू एका रेषेत आली की झाली एक खूण. वेगळ्या बाजूला अशीच दुसरी खूण धरायची. दोन्ही एकाच वेळी जुळल्या की खडक होडीच्या खाली. हा खडक आमच्या आजोबांनी शोधला. पहिली खूण बाबांनी मला पंधराव्या वर्षी दाखवली. दुसरी मी होडी स्वतः हाकायला लागल्यावर मिळणार होती. आणि रिवाज असा की खूण फक्त होडीत बसून सांगायची. जमिनीवर नाही. जमिनीला कान फार असतात, असं आमच्याकडे म्हणतात, आणि ज्यांनी गावातली लग्नं जुळताना-मोडताना पाहिली आहेत त्यांना ते पटेल.

तर मी अर्धा खडक घेऊन कुवेतला आलो.

अम्गऱ्यात एका वर्कशॉपमध्ये लागलो. भंगाराच्या ढिगांच्या पलीकडे पत्र्याची शेड, तिथे फायबरच्या बोटी दुरुस्तीला येतात. उन्हाळ्यात पान्हा हातात धरवत नाही, फडकं गुंडाळून धरायचा. पहिलं वर्ष मी समुद्राच्या इतका जवळ होतो आणि समुद्र पाहिला तो बोटींच्या बुडाला चिकटलेल्या शिंपल्यांत. मग रिग्गईत फ्लॅट, लग्न, नसरीनचा व्हिसा, झोयाचा जन्म. दोन वर्षांची एकोणीस झाली.

तुम्ही विचाराल, एवढ्या वर्षांत सुट्टीवर आलास तेव्हा होडीत का नाही बसलास? बसलो असतो. पण झोयाच्या शाळेची सुट्टी जून ते ऑगस्ट, आणि जून ते ऑगस्ट आपल्या होड्या किनाऱ्यावर, माडाच्या झापांखाली. दरवर्षी मी ऐन पावसाळ्यात गावी यायचो, उलट्या पडलेल्या होडीवर हात ठेवायचो आणि परत जायचो. एकदा डिसेंबरात आलो, ते आई गेली म्हणून. तेव्हा कोण समुद्रावर जातो.

फोनवर विचारून पाहिलं. व्हिडिओ कॉलवरही. बाबा स्क्रीनच्या फार जवळ तोंड आणून म्हणाले, "फोन म्हंजे काय होडी हाय? बरा हायस ना? मग ठेव." पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, होडी विकली गेली. माझा धाकटा भाऊ अन्वर ठाण्यात औषधं विकायचा, आता गावी येऊन घर सांभाळतो, त्याला मासा फक्त ताटात ओळखू येतो. म्हणजे बाबा गेले की खडक गेला. पाण्याखाली तो असेलच, पण आमचा नसेल. हे मला सहन होईना. तेव्हाच ठरवलं की दुसरी खूण मी घेणार, कशीही घेणार.

अबू नासेर आमच्या वर्कशॉपचे जुने गिऱ्हाईक. साठीचे कुवेती, पोट पुढे, स्वभाव मोकळा. त्यांच्या बोटीचं इंजिन मी तीनदा मेलेलं उठवलं म्हणून ते मला शुक्रवारी हदागला नेऊ लागले. हदाग म्हणजे आपलं गरवणंच. फिंतासच्या बाजूने निघायचं, खिशात बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, ठेवायची, कोस्ट गार्डने हात केला की दाखवायची. इथे गोबऱ्याला हामूर म्हणतात आणि त्याचा मान आपल्याकडच्या सुरमईपेक्षा मोठा. अबू नासेर जीपीएस मशीनवरचे आकडे बघत खडकावर जायचे. मला ते खटकायचं. आकडे बघून तर कुणीही जाईल.

म्हणून मी माझा खडक शोधायला घेतला. शिसं सोडून, तळ चाचपून. मऊ लागलं की चिखल, ठक लागलं की दगड. आठ-नऊ शुक्रवार गेले. अबू नासेर कंटाळून झोपायचे. शेवटी ठक लागलं, गोबरा लागला, आणि मी किनाऱ्याकडे बघून घाईघाईने खुणा धरल्या. एक मिनार आणि त्याच्या मागची इमारत. दुसरी, एगैलाच्या बाजूला एक पिवळी उंच क्रेन आणि तिच्या मागे निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पाण्याची टाकी, छत्रीसारखी. मी इतका खूष की घरी येऊन नसरीनला सांगणार होतो, पण जमिनीवर होतो म्हणून गप्प बसलो.

उन्हाळ्यानंतर परत गेलो तर क्रेन नाही. इमारत पुरी झाली, क्रेन गेली. माझा खडक तिच्याबरोबर गेला.

बाबांना फोन केला. मी क्रेनवर खूण धरली हे ऐकून ते खोकला येईपर्यंत हसले. "अरे, क्रेनवर? उद्या उंटावर धरशील!" मग एकदम थांबले. "बांधलेल्या गोष्टीचा भरवसा नाय बाबा," असं काहीसं हळू म्हणाले आणि फोन ठेवला. त्या थांबण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मी पुन्हा सुरुवात केली. आणखी एक हिवाळा गेला. झोया म्हणायची, "बाबा, इट्स जस्ट अ फिश." मी म्हणायचो, हो. खडक परत सापडला तेव्हा या वेळी क्रेन-बिन नाही, एक खूण जुन्या मिनारावर, दुसरी जुन्या पाण्याच्या टाकीवर. आणि त्याच आठवड्यात बाबांच्या व्हिजिट व्हिसाचे कागद मंदूबकडे, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या माणसाकडे, दिले. होडीत बसूनच सांगायचं ना? कुठल्या समुद्रातल्या होडीत, असं रिवाजात कुठे म्हटलंय?

बाबा आले ते फेब्रुवारीत. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, नवा चष्मा, स्वेटरवर स्वेटर. रिग्गईच्या फ्लॅटमध्ये चार दिवस खिडकीतून पार्किंग बघत बसले. शुक्रवारी त्यांना घेऊन निघालो. अबू नासेर त्यांना "हज्जी, हज्जी" करत होते, बाबा त्यांना "बसा, बसा" म्हणत होते, त्यांच्याच बोटीत. मी अबू नासेरना विनंती केली, आज मशीन बंद ठेवा. त्यांनी हसत डोक्यावरचा गुत्रा काढून त्यावर टाकला.

मी बोट नेली. मिनार जुळला. टाकी जरा डावीकडे होती, पुढे सरकलो, जुळली. नांगर टाकला. बाबांच्या हातात त्यांचीच गरी दिली, एकोणीस वर्षांपूर्वीची. त्यांनी गळाला अर्धा खेकडा लावला, दोरी सोडली, आणि शिसं खाली टेकताच माझ्याकडे बघितलं.

"खडक हाय."

एवढंच म्हणाले. मला दुसरं काही नको होतं.

मग माझ्या दोरीला झटका बसला. मी ओढली आणि ती गच्च अडकली. गोबरा बिळात शिरला होता. बिळात तो गाल फुगवून बसतो, मग दोरी तुटेल पण तो निघणार नाही. मी ताकद लावू लागलो तशी बाबांनी दोरी माझ्या हातातून काढून घेतली आणि सैल सोडली.

"वढू नको. त्याला वाटू दे, आपण गेलो."

दोरी एका बोटावर घेऊन ते बसून राहिले. त्या सैल दोरीवर, किनाऱ्याकडे बघत, मी न विचारता, त्यांनी दुसरी खूण सांगितली.

दुसरी खूण आमचं घर होतं. जुन्या कौलारू घराचं आढं, मागच्या एका गोष्टीच्या रेषेत. ते घर मी पाडलं होतं. कुवेतला आल्यावर सातव्या वर्षी, मोठ्या हौसेने, स्लॅबचं दुमजली बांधायला. बाबा तेव्हा "बांध" एवढंच म्हणाले होते. क्रेनवर खूण धरली म्हणून मी हसू करून घेतलं होतं, आणि आजोबांची खूण मी स्वतः पाडली होती.

"तुमी बोलला नाय ते?" मी विचारलं.

"बोलून? तू घर बांधत होतास. पोरानं घर बांधू नको म्हणू?" बाबा म्हणाले. "मी परत शोधला. तुज्या घरावरची काळी टाकी, ती धरली. तीन दिवस लागले. मग होडी विकली."

तेवढ्यात बोटावरची दोरी हलली. बाबांनी सणसणीत झटका दिला, दोघांनी मिळून ओढलं, आणि गोबरा वर आला, तोंड वासून. अबू नासेर ओरडले, "माशाल्लाह, हज्जी!" मी रडत होतो, वाऱ्यामुळे असेल असं सगळ्यांना वाटलं.

महिन्याने बाबा परत गेले. मी यंदा नोव्हेंबरात येतोय. झोया शाळा बुडवेल, मुख्याध्यापिकेला काय सांगायचं ते बघू. शेजाऱ्यांची होडी मागितली आहे. झोयाला बसवून पहिली खूण दाखवणार, तिला इंग्रजीत सांगावी लागली तरी चालेल, होडीत इंग्रजीला मनाई नाही.

पूर्वी कुणी विचारलं, घर कुठे, तर मी गावाचं नाव सांगायचो, मग रिग्गई म्हणू लागलो, मग नुसता हसायचो. आता मला ते नेमकं माहीत आहे. समुद्रावरून बघताना जे जुळवून घ्यावं लागतं, ते माझं घर. दोन खुणांच्या चार टोकांपैकी एकच इथे लिहिलं आहे, तेवढ्यावर कुणाला खडक सापडायचा नाही, उगाच होड्या काढू नका.

आणि अन्वर, तू परवा म्हणालास की गच्चीवर सोलर बसवायचं आहे, टाकी मागच्या बाजूला सरकवतो. सोलर कुठेही बसव. टाकीला हात लावायचा नाही. फुटली तर त्याच जागी, त्याच उंचीची, काळीच आण. बाकीचं नोव्हेंबरात सांगेन. होडीत बसायला ये.