काहीच न होणारा प्रयोग

स्टाफरूममधला चहा पाच मिनिटांत संपतो, आमच्या केमिस्ट्री लॅबचे किस्से मात्र संपता संपत नाहीत. त्यातही बारावीला बफर शिकवायला घेतला की एकेका बॅचमागे एक किस्सा ठरलेला!

*

दोन बीकर. एकात साधं पाणी, दुसऱ्यात बफर. दोन्हींत मिथिल ऑरेंज टाकलेलं, त्यामुळे दोन्ही पिवळे. पाण्यात ॲसिडचा थेंब टाकला, झटकन लाल. टाळ्या! मग बफरमध्ये टाकला. पिवळंच. आणखी टाकला. तरी पिवळंच.

"मॅडम, हे फेल गेलं की," नागेश म्हणाला.

"अरे, काही होत नाही हाच प्रयोग आहे. ॲसिड पडलं तरी बफर आपला पीएच सोडत नाही."

"मग आमी बघायचं काय?"

एकट्या रेणुकाला मात्र बफर फार आवडला. ती सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, इथं हॉस्टेलवर राहायची. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि घरचे दर रविवारी बोलावून नव्या पाहुण्यांसमोर बसवत होते. ही नकार देऊन सोमवारी हसत लॅबमध्ये हजर. मला त्या पोरीचं भारी कौतुक वाटायचं.

*

त्याच वर्गाच्या पुढच्या बॅचला साधं पाणीसुद्धा लाल होईना. मी थेंबावर थेंब टाकतेय आणि दोन्ही बीकर पिवळेधमक. चौकशी केली, तर डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून लॅब अटेंडंट सलीमभाईंनी बोअरचं पाणी भरून ठेवलेलं! ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्यातले क्षार माझं ॲसिड खुशाल पचवत होते.

"अपने बोअर के पानी से पंगा नक्को मॅडम," सलीमभाई म्हणाले. "मेरा गीझर खा गया."

*

एकदा प्राचार्य राउंडला आले. मी बीकरवर वाकलेली, अख्खा वर्ग श्वास रोखून बघतोय.

"काय चाललंय?"

"काहीच होत नाहीये सर," वर्ग एका सुरात म्हणाला.

दुपारी केबिनमध्ये बोलावणं आलं. सरांचा विषय मराठी. मी अर्धा तास बफर समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"छान. पण पुढच्या आठवड्यात पालक येणार आहेत. तेव्हा काहीतरी होईल असं दाखवा."

*

पालक आले त्या दिवशी मी प्रयोग रेणुकाला करायला लावला. तिचे वडील पहिल्या बाकावर बसले होते. संध्याकाळी लग्नाची बोलणी होती, म्हणून ते तिला घरी न्यायलाच आले होते. पोरगी आता परत येत नाही, असं मी धरूनच चालले होते.

रेणुकाने बफरमध्ये ॲसिड टाकलं. पिवळंच.

"अजून टाक की," वडील म्हणाले. त्यांना गंमत वाटू लागली होती.

तिने टाकलं. पिवळंच.

"लई चिवट हाय. अजून टाक."

ती टाकत राहिली. आणि मग एका थेंबाला अख्खा बीकर लाल झाला.

वडिलांनी पुढे वाकून बीकर न्याहाळला.

"मॅडम, आदी कायच कळत न्हाय व्हय?"

"नाही. शेवटपर्यंत तसंच दिसतं."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती हसत होती. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि तिथंच भावाला फोन लावला.

"पावण्यांना म्हणावं, येऊ नका."

काय झालं, असं पलीकडून विचारलं असावं.

"अजून कायबी झालं न्हाय," ते म्हणाले. "म्हनूनच सांगतोय."