पेंढा मी जाळला

आमच्याकडे सव्वीस जानेवारीच्या सुमारास वालाच्या शेंगा भरतात. भात काढलेल्या खाचरात जी ओल उरते तिच्यावरच वाल येतो, त्याला वेगळं पाणी लागत नाही. जोडून सुट्टी आली की मुलं-नातवंडं कल्याण-ठाण्याहून गावी येतात आणि शेतात पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी-बटाटे, परत पाला. तोंड पाल्यानंच गच्च बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती गोवऱ्या-काटक्या पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाणी शिंपडलं की ते चर्र करून उडून जातं. मग सगळं केळीच्या पानावर ओतायचं आणि बोटं भाजत असतानाच खायचं. टोकावड्याजवळच्या आमच्या गावात याहून मोठी चैन मला ठाऊक नाही.

मडकं लावायचा मान वडिलांनंतर माझ्याकडे आला. त्या मानाबरोबर एक काम येतं. ज्यानं मडकं लावलं त्यानंच शेवटी राखेवर पाणी ओतायचं आणि सगळ्यांदेखत त्या राखेत हात घालून दाखवायचा. हाताला ऊब लागली तर पुन्हा पाणी. भोवती वाळलेलं गवत आणि जवळ खळ्यावर वर्षाचा पेंढा, म्हणून ही रीत. वडील मनगटापर्यंत हात घालायचे आणि तो काळा हात आम्हा पोरांच्या गालाला पुसायचे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एकदा मी तो हात घातला नाही. त्या दिवशी काय झालं ते मला आता सरळ सांगायचं आहे.

त्या वर्षी शेणव्याहून माझी थोरली बहीण आणि दाजी आले होते. धाकटा भाऊ गावातच असतो, त्याची गुरं होती, पेंढाही त्याचाच. दुपारीच मडकं लावलं.

"शेंगा कच्च्या राहिल्या तर मडकं तुझ्या डोक्यात घालीन हां," ताई म्हणाली.

"मग दाजींना लावू दे."

"मला नको रे बाबा," दाजी म्हणाले. "माझा हात विडी पेटवण्यापुरताच."

शेंगा अशा शिजल्या होत्या की दाणा नुसत्या चिमटीनं बाहेर यायचा. दाजींनी अंडं सोलून पहिलं माझ्या थोरल्या नातवाला दिलं. ताई वालाच्या गरम शेंगा पदरात घेऊन फुंकत होती. इतकं हसलो होतो आम्ही. तो दिवस आठवला की अजून पहिल्यांदा सुखच वाटतं, आणि त्याचीच मला लाज वाटते.

खाऊन झालं तसं पोरं नदीवर जायला निघाली. राखेसाठी आणलेल्या हंड्यातल्या पाण्यानं त्यांनी हात धुतले होते. विहीर दोन शेतं पलीकडे. मी राखेकडे पाहिलं, ती पांढरी दिसत होती. पायानं थोडी माती लोटली आणि पोरांच्या मागे गेलो. पोट भरलं होतं, ऊन ऊबदार होतं, नातं-गोतं सगळं जवळ होतं. कंटाळा केला, एवढंच त्याचं कारण आहे.

दाजी मागे राहिले. खळ्याजवळच्या जांभळीखाली आडवे होणार म्हणाले.

दुपारचा वारा सुटला. नदीवरून आम्हाला धूर दिसला. धावत आलो तेव्हा दाजी एकटेच काठीनं पेंढ्या ओढून बाहेर काढत होते, सदऱ्याची बाही जळलेली. पेंढ्याची रचलेली उडवी अर्ध्याहून जास्त गेली. भावाची बायको वाचलेल्या पेंढ्या मोजू लागली. पुढचे चार महिने गुरांना घालायचं काय, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

भावानं मला विचारलं, "दादा, राखेत हात घातलावतास ना?"

मी म्हणालो, "घातला."

"मग आग लागली कशी?"

मी दाजींकडे वळलो. "दाजी, विडी कुठं टाकलीत?"

मी आरोप केला नाही, नुसतं विचारलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. पण तो प्रश्न कशासाठी विचारला ते मला विचारतानाच कळत होतं. दाजी जांभळीकडे बघत राहिले. "विझवली व्हती," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मला वाटतं, विझवली व्हती."

ताईनं नवऱ्याकडे असं पाहिलं की मी मान वळवली.

आठवड्यानं शेणव्याहून टेम्पो आला. दाजींनी स्वतःच्या गुरांचा पेंढा भरून पाठवला होता. तो उतरवायला मी हात लावला. एकेक पेंढी खांद्यावर घेऊन खळ्यावर नेली, तरी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर दाजी आमच्याकडे पोपटीला आले नाहीत. ताई भाऊबीजेला एकटी यायची, संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. आणि आमच्या घरात त्या आगीची गंमत झाली. कोणी काडी ओढली की म्हणायचं, "शेणव्यासारखी टाकू नको रे." मीही हसायचो.

यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली. शनिवारी शेतात मडकं लागलं. नातवंडं खळ्यावर पेंढ्यात उड्या मारत होती. धाकटी सून त्यांना ओरडली, "लांब व्हा तिथून. शेणव्याच्या आजोबांनी एकदा सगळा पेंढा जाळला होता, माहितीये ना?"

सात वर्षांची नात मला म्हणाली, "ते आजोबा वेडे होते का?"

त्या मुलीनं दाजींना कधी पाहिलेलंही नाही. तिच्यापाशी त्यांची एवढीच ओळख पोचली होती. शेंगा पानावर ओतलेल्या होत्या, वाफ येत होती. मी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. राखेत हात घातलाच नव्हता, हे दोनदा सांगावं लागलं.

भाऊ हातातली शेंग खाली ठेवून म्हणाला, "मी दाजींशी त्यांच्या पोराच्या लग्नातबी धड बोललो नाय, दादा." मग उठून विहिरीकडे गेला. पानावरचं सगळं तसंच गार झालं.

रविवारी मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून, सरळगाव-किन्हवली करत शेणव्याला गेलो. दाजी ओटीवर वाल निवडत होते. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे मी विझवली व्हती," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटायचं विझवली. मग वाटायचं, नसंल विझवली. रोज वाटायचं नाय असं, पण वाटायचं." बस, एवढंच बोलले. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ताई दारात उभी होती. इतकी वर्षं घरात काडेपेटी दिसली की ती त्यांना टोचून बोलली होती, आपल्या माहेरी त्यांना येऊ दिलं नव्हतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमचा पेंढा परत आण."

"अगो, गुरं कुठं हायत आता आपल्याकं?" दाजी म्हणाले.

"गुरांसाठी नाय सांगत मी."

सोमवारी सकाळी मी टेम्पो भरून नेला. गड्यांना ताईनं हात लावू दिला नाही. मीच उतरवायचा आणि अंगणात, रस्त्याच्या बाजूला रचायचा. बहात्तराव्या वर्षी चार पेंढ्यांनंतर बसावं लागत होतं. दाजी दोनदा उठले, दोन्ही वेळा तिनं त्यांना हातानं खाली बसवलं.

शाळेतलं झेंडावंदन सुटलं. छातीवर कागदी झेंडे लावलेली पोरं आणि त्यांच्या मागे गावातली मोठी माणसं रस्त्यानं येऊ लागली. एक म्हातारा गृहस्थ थांबला.

"काय मामा, पेंढा कोणाला? ह्यांनी तर बैल कवाच इकलं."

मी ताईकडे पाहिलं.

"जुना द्यायचा होता," मी म्हणालो. "आमचा पेंढा जळला होता, तेव्हा दाजींनी दिलेला."

"तो व्हय, ह्यांच्या विडीनं..."

"विडीनं नाही. माझ्यामुळे. मी राख विझवली नव्हती."

म्हातारा दाजींकडे बघू लागला. मागून आणखी दोघं-तिघं येऊन थांबले आणि काय झालं म्हणून विचारू लागले.

"त्यांना पण सांग," ताई म्हणाली. "आणि सगळं सांग. विडी कुठं टाकली म्हणून कोणी इचारलं, ते बी सांग."

मी पेंढी खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.