चौथी ओंजळ
प्रयोगशाळेत अमोनियाची बाटली उघडली की सगळे नाक दाबतात, मला मात्र सेलूच्या आमच्या घरातली ओली कणीक आठवते. अकरावीत होते. वर्ध्याच्या कॉलेजात सरांनी अमोनियातल्या नायट्रोजनचं संकरण, म्हणजे हायब्रिडायझेशन, विचारलं आणि मी तीन हायड्रोजन मोजून ठणकावून सांगितलं, भोवती तीन म्हणजे एसपी-टू! "चूक. उद्या फळ्यावर येऊन सांगायचं," सर म्हणाले. सायन्ससाठी घरी मीच भांडले होते, त्यामुळे एसटीत सेलूपर्यंत तेच तीन हायड्रोजन पुन्हा पुन्हा मोजत आले. घरी आई परातीत पीठ घेत होती, माणशी एक ओंजळ. आई, मी आणि धाकटा भाऊ, तरी तिने चौथी ओंजळ टाकली तशी मी चिडूनच म्हणाले, "तिघंच तर आहो, चार काऊन?" "अन् तुह्ये बाबा? जाम गावच्या पेट्रोल पंपावर कामाले गेले, दिसून नाई राह्यले, म्हणून काय घरात जागा नाई त्याईले?" मी उडालेच! नायट्रोजनचे पाच इलेक्ट्रॉन. तीन बंधांत गुंतले, उरलेल्या दोघांची जोडी कुणाशी बांधलेली नाही, पण जागा अडवतेच. तीन बंध आणि ती एक जोडी, चार! एसपी-थ्री! मी कणकेच्या गोळ्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, चार काड्या खुपसल्या, तर आई ओरडली, "अन्नाचा खेळ कायले करून राह्यली वं?" दुसऱ्या दिवशी फळ्यावर घाईत खडू मोडला, पण उत्तर बरोबर आलं. आता नोकरीसाठी मी नागपूरला राहते, आणि परवा फोनवर भाऊ हसत म्हणाला, "ताई, आईनं आजबी तुह्या वाट्याची ओंजळ टाकली."